गोगलगायींसाठी नेलपॉलिश

शहराच्या पाणीपुरवठा खात्याच्या लॅबमध्ये, तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत एक बाई बसतात. त्यांच्या टेबलावर डाव्या हाताला मायक्रोस्कोप आहे आणि उजव्या हाताला कलरीमीटर, म्हणजे रंग किती गडद ते मोजणारं मशीन. खात्यात बाकी सगळ्यांकडे या दोहोंपैकी एकच काहीतरी आहे. पाण्यात काही हलतंय का ते पाहणारी मंडळी पहिल्या मजल्यावर, काही विरघळलंय का ते पाहणारी दुसऱ्यावर. आणि जिच्याबद्दल दोन्ही मजल्यांचं जमत नाही ती बाटली जिन्याखाली येते. नव्यानं लागलेलं कुणी कधीतरी विचारतं, "मॅडम, तुमचं मूळ शिक्षण कशातलं?"

"दोन्हीतलं," बाई म्हणतात.

विचारणाऱ्याला वाटतं, सांगायचं नसेल. मग तो हवेतल्या उकाड्याबद्दल बोलायला लागतो.

बाईंनी मात्र नेमकं उत्तर दिलेलं असतं. विद्यापीठाच्या माहितीपत्रकात त्या काळी 'जीवशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र : एकत्रित पदवी' असा एक अभ्यासक्रम होता. वर चित्र होतं: एक हिरवं पान, आणि पानाच्या देठातून निघालेली षटकोनांची माळ. चित्रकाराला दोन्ही विषयांतलं फारसं कळत नसावं, पण हेतू शुद्ध होता. खाली लिहिलं होतं, 'सजीवाकडे दोन्ही अंगांनी पाहणारा विद्यार्थी घडवणे.' घरी यावर चर्चा झाली. वडील शिंपी. ते म्हणाले, "कापड एकच, मग शिंपी दोन कशाला?" आई म्हणाली, "असू दे हो, एका तिकिटात दोन खेळ." आईचं मत पडलं की घरात ठराव मंजूर व्हायचा, त्यामुळे मुलगी विद्यापीठात दाखल झाली.

तिथे गेल्यावर कळलं की खेळ दोन आहेत हे खरं, पण थिएटरंही दोन आहेत. जीवशास्त्राची इमारत जुनी, दगडी. आत शिरलं की फॉर्मलिनचा आणि ओलीचा वास. जीवरसायनाची इमारत नवी, काचेची. तिला कसलाच वास नव्हता आणि याचा तिथल्या लोकांना अभिमान होता. दोहोंच्या मधून रस्ता जायचा. रस्त्याच्या कडेला बसथांबा होता, त्यात एक सिमेंटचं बाकडं. माहितीपत्रकातल्या 'आणि'ला प्रत्यक्षात मिळालेली जागा ती एवढीच.

सुरुवातीला तिच्याबरोबर आणखी दोघं होती. मुलगा महिन्याभरात कायमचा काचेच्या इमारतीत गेला, कारण तिथे एसी होता. मुलगी दगडी इमारतीत राहिली, कारण तिथे सहली होत्या. हिला कुणी काही विचारलं नाही, आणि हिनंही स्वतःला विचारलं नाही. उरली ती एकटी. वर्ग म्हणजे ती, हजेरीपट म्हणजे ती, वर्गातली पहिली आणि वर्गातली शेवटचीही तीच.

एकट्या विद्यार्थिनीसाठी वेळापत्रक कोण करणार? दोन्हीकडची वेळापत्रकं एकावर एक ठेवून जे दिसेल ते तिचं. जीवशास्त्राची मुलं ओढ्याकाठी शेवाळं गोळा करायला गेली की त्याच दिवशी पलीकडे हिचं प्रॅक्टिकल असायचं. सहलीत काय काय गंमत झाली ते हिला पुढच्या आठवड्यात, तेही इतरांच्या हसण्यावरून कळायचं. पलीकडच्या मुली चौघीचौघींच्या गटानं एका बाकावर काम करायच्या; गट आधीच पडलेले, त्यामुळे हिला खिडकीजवळचं वॉशबेसिनलगतचं टेबल. अलीकडे तिचं नाव 'केमिकलवाली', पलीकडे 'किडेवाली'. दुष्टपणा कुणाच्या मनात नव्हता. माणूस कुठे ठेवायचा ते कळलं नाही की लोक त्याला चिठ्ठी डकवतात, इतकंच.

जीवशास्त्राचा शिपाई, ज्याला सगळे मामा म्हणत, त्यानं तिला तिसरं नाव दिलं. ती दारात दिसली की तो म्हणायचा, "या, पाहुणीबाई! आज मुक्काम की लगेच निघणार?" हेच नाव राहिलं.

दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो म्हणतात. ही पाहुणी उपाशी नव्हती, डबा होता. खायला जागा नव्हती. दोन्हीकडच्या जेवणाच्या सुट्ट्या पुढेमागे, त्यामुळे ती कुठेही गेली तरी लोक एकतर जेवून उठलेले किंवा अजून कामात. ती बसथांब्यावर बसून डबा खायची. बस यायची, थांबायची, दार उघडायचं. ती मान हलवायची. दार मिटायचं. काही महिन्यांनी चालक दार न उघडता नुसताच वेग कमी करून भुवया उंचवायचा. ती मान हलवायची. तो पुढे जायचा. त्या वर्षांत तिची रोज न चुकता विचारपूस करणारा माणूस हाच.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट होतं. नियम असा की एकत्रित पदवीचं प्रोजेक्ट दोन्ही बाजूंच्या गाईडनी मान्य करायला हवं. एकानंही नाही म्हटलं की वर्ष पुन्हा. पण विद्यार्थी मिळत नाहीत म्हणून अभ्यासक्रम त्याच वर्षी बंद होणार होता, त्यामुळे पुन्हा करायला वर्षच शिल्लक नव्हतं. नापास झाल्यास कुठल्यातरी एका इमारतीत, मागच्या वर्गात, नव्यानं. कार्यालयातल्या क्लार्कनं तिला हे समजावलं आणि वर म्हणाला, "तुम्ही पास झालात ना, की ही फाईल बंदच करून टाकतो. कधीपासून कपाटात अडकलीय."

जीवशास्त्राकडून गाईड मिळाले शंखसर. अख्खं आयुष्य गोगलगायींत घालवल्यानं त्यांना कसलीच घाई नव्हती. पहिल्याच दिवशी कुणीतरी त्यांच्यासमोर 'गोगलगाय अन् पोटात पाय' म्हणालं, तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, "ही म्हण ज्यानं केली त्याला आमच्या डिपार्टमेंटनं नोकरी द्यायला हवी होती. गोगलगायीचं पोट हाच तिचा पाय असतो. लोक उगाच तिला लबाड समजतात." पलीकडून मिळाल्या मॅडम. त्या भराभर चालायच्या, भराभर बोलायच्या, आणि जे नळीत मावत नाही त्यावर त्यांचा विश्वास नव्हता.

सर आणि मॅडम एकमेकांना कधी भेटलेले नव्हते. भांडण नव्हतं; प्रसंगच आला नव्हता. त्यामुळे अबोला धरलेल्या नवराबायकोच्या घरातल्या मुलीसारखी पाहुणी निरोप वाहायची.

"त्यांना म्हणावं, जनावर आधी जिवंत असतं," सर म्हणायचे.

"त्यांना म्हणावं, माहितेय," मॅडम म्हणायच्या.

विषय ठरला तो असा. वाटाण्याएवढी एक गोगलगाय असते. कोरडे दिवस आले की ती भिंतीला नाहीतर काटकीला चिकटते, शंखाचं तोंड कागदासारख्या पातळ पडद्यानं बंद करते आणि महिनोन् महिने झोपते. सरांना जाणून घ्यायचं होतं, कोण झोपतं, कोण जागं राहतं. मॅडमना जाणून घ्यायचं होतं, झोपेत तिच्या आतलं श्वासाचं यंत्र किती मंदावतं. एका गोगलगायीत दोघांचं काम होत होतं. माहितीपत्रकातलं ते चित्र पहिल्यांदाच खरं होण्याच्या बेतात होतं.

सरांचा एक नियम होता. "खूण नसलेलं जनावर म्हणजे अफवा," ते म्हणायचे. प्रत्येक शंखावर ठिपका हवाच, आणि ठिपका नेलपॉलिशचाच, कारण ते पाण्यानं जात नाही आणि गोगलगायीला त्याचं काही वाटत नाही. पाहुणीनं जन्मात कधी नेलपॉलिश विकत घेतलं नव्हतं. दुकानातल्या बाईनं लाल आणि पांढरी बाटली पुढे केली आणि म्हणाली, "हातावर लावून बघ की."

"हातासाठी नकोय."

"मग पायाला?"

"शंखाला."

 दुकानदारिणीनं दोन्ही बाटल्या कागदात गुंडाळून दिल्या.

झोपलेल्यांना लाल, जाग्यांना पांढरा. दगडी इमारतीच्या मागच्या व्हरांड्यात ट्रे मांडून ती बसायची आणि एकेकीला ठिपका लावायची. मामा येता-जाता म्हणायचा, "चाललंय का लग्नघर? उरलंसुरलं आमच्या खुर्चीच्या पायांना लावा, गंजलेत."

मॅडमचाही एक नियम होता. एवढ्याशा जनावराचा शंख सोलत बसायचं नाही. "शंखासकट चुरडायचं. चुरा तळाशी बसतो, तो कुणाच्या अध्यातमध्यात नसतो." मग त्या नळीत एक रंगद्रव्य घालायचं. श्वासाचं यंत्र जितकं चालू असेल तितका तांबडा रंग धरतो. शेवटी वरून ॲसिटोन ओतायचं, ते सगळा तांबडा रंग ओढून घेतं, आणि मग तो किती गडद आहे ते मशीनवर मोजायचं. जागी गोगलगाय म्हणजे गडद, झोपलेली म्हणजे फिकट. हे होणार हे सगळ्यांना माहीत होतं. किती फिकट, एवढाच प्रश्न.

पाहुणीनं मोजलं. झोपलेल्या जास्त गडद निघाल्या.

"चुकलीस. पुन्हा कर," मॅडम म्हणाल्या.

तिनं पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मॅडम स्वतः शेजारी उभ्या राहिल्या, हाताची घडी घालून, आणि नळ्या चांगल्या डाळिंबासारख्या लाल झालेल्या पाहून कितीतरी वेळ काहीच बोलल्या नाहीत. काचेच्या इमारतीत ही घटना दुर्मीळ होती.

"म्हणजे झोपेत ती स्वस्थ नसते," शेवटी मॅडम म्हणाल्या. "बाहेरून दार बंद, आणि आत धडपड चाललीय. अगं, हे कुणीच पाहिलेलं नाही!"

त्या दुपारी पाहुणीला पहिल्यांदा खुर्ची मिळाली. मॅडमनी आपल्या लॅबमधलं कोपऱ्यातलं टेबल तिच्या नावानं केलं, त्याच्या ड्रॉवरची चावी दिली आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी इथेच ये. आपण हे पुढे नेऊ." पलीकडे सरांनी तिला आपल्या खोलीत चहाला बसवलं आणि झोपलेल्या गोगलगायींबद्दल असं बोलले, जणू घरातल्या धाकट्यांना उशिरा का होईना नोकरी लागली. बाकावरच्या चौघींपैकी एक आपण होऊन म्हणाली, "ए, आमच्याबरोबर जेवायला ये ना."

ती गेली. चौघींत पाचवी बसली. बोलायला फारसं काही नव्हतं, पण डबा बाकड्याऐवजी टेबलावर होता. त्या दिवशी बसथांब्यावर वेग कमी झालेली बस रिकामं बाकडं पाहून पुढे गेली असेल. ड्रॉवरमध्ये ठेवायला तिच्याकडे काहीच नव्हतं, म्हणून तिनं त्यात रुमाल ठेवला. दिवसातून एकदा तरी ती ड्रॉवर उघडून रुमाल आहे ना ते बघायची.

आता तिची ताई. ताई तिच्याहून मोठी, लग्न होऊन दुसऱ्या गावी राहायची आणि महिन्या-दोन महिन्यांनी रविवारी बहिणीच्या भाड्याच्या खोलीवर धडकायची. आल्याबरोबर झाडझूड, मग उलटतपासणी.

"ही बाटली कुणाची?" खिडकीतली लाल बाटली उचलून ताईनं विचारलं. "तू कधीपासून नटायला लागलीस? आणि मला सांगितलंसुद्धा नाहीस?"

"माझी नाही. गोगलगायींची आहे."

ताईनं तिच्याकडे बघितलं. मग बाटलीकडे. "म्हणजे गोगलगायी नटतायत आणि तू अशी. धन्य आहे. बस इथे. आण हात."

"नको गं."

"हात आण म्हटलं ना! कोण बघतंय तुला इथे?"

प्रश्न बिनतोड होता. पाहुणीनं हात पुढे केला. ताईनं एकेक नख रंगवलं, फुंकर मारली, मान तिरकी करून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "शी! अगदीच बटबटीत. गोगलगायींची आवड काही खास नाही. थांब, काढूया." तिनं पर्समधून एक छोटी बाटली काढली, कापसावर चार थेंब टाकले.

खोलीत वास पसरला. पाहुणीनं तो ओळखला, ॲसिटोनचा, रोजचा होता. आणि ताईनं पहिल्या नखावरून कापूस फिरवला. कापूस लाल झाला. सावकाश नाही, लाजत नाही; एकदम, आतून बाहेर, डाळिंबासारखा.

"काय आहे त्यात?" पाहुणीनं विचारलं.

"रिमूव्हर. यानंच तर निघतं. एवढंही माहीत नाही तुला?" ताई हसली. "बाकी सगळं माहीत आहे हिला. जगातल्या कुठल्याही पोरीला विचार, ती सांगेल."

जगातल्या कुठल्याही पोरीला पाहुणीनं कधी विचारलं नव्हतं, कारण विचारण्याइतकी कुणीच जवळ नव्हती. ती कापसाकडे बघत राहिली. ताईनं उरलेली नखं पुसली, लग्नाचा विषय काढला, उत्तर मिळालं नाही म्हणून पुन्हा काढला, आणि शेवटी म्हणाली, "तुझं लक्ष कुठाय? चेहरा का पांढराफटक पडलाय तुझा?"

"काही नाही. एक हिशेब चुकलाय."

सोमवारी सकाळी तिनं दोन रिकामे शंख घेतले. आत जनावर नाही, श्वास नाही, धडपड नाही. एकावर लाल ठिपका, एकावर पांढरा. दोन्ही चुरडून ॲसिटोन ओतलं. पांढऱ्याची नळी स्वच्छ राहिली. लाल ठिपक्याची नळी डाळिंबासारखी झाली. मशीनवर मोजलं तर जगात कुणीच न पाहिलेला तो शोध जवळजवळ पूर्ण त्या नळीत होता. झोपलेल्या गोगलगायी स्वस्थच होत्या. धडपड होती ती नेलपॉलिशची. शंखाचा मूळचा रंग वजा करायला रंगद्रव्य न घातलेली एक कोरी नळी लागते; ती दर वेळी पांढऱ्या ठिपक्याच्या गोगलगायींची असायची, त्यामुळे नेलपॉलिशचा लाल कधी वजाच झाला नाही आणि चूक झाकून राहिली.

चूक कुणाचीच नव्हती, हे यातलं वैताग आणणारं अंग. ठिपका लावायचा, हे सरांच्या बाजूला बरोबर. शंखासकट चुरडायचं, हे मॅडमच्या बाजूला बरोबर. सरांनी नळी कधी पाहिली नव्हती, मॅडमनी शंख कधी पाहिला नव्हता. त्यांच्यापर्यंत चुरा पोचायचा. ही चूक करायला रस्ता ओलांडणारं माणूस लागत होतं, आणि तसं एकच होतं. म्हणजे ती चूक पकडू शकणारंही तेच एक. तिनं तोंड मिटून घेतलं असतं तर दुसऱ्या कुणाला कळण्याची सोय नव्हती. टेबल राहिलं असतं, ड्रॉवर राहिला असता, पाचवी जागा राहिली असती. सांगितलं तर प्रोजेक्टच्या नावानं हातात एक बाटली उरत होती.

त्या दुपारी ती कुठल्याच इमारतीत गेली नाही. बाकड्यावर बसली. बस आली, वेग कमी झाला, भुवया वर गेल्या, आणि पाहुणी उठून उभी राहिली. चालकानं इतक्या जोरात ब्रेक मारला की आतले लोक पुढे झुकले.

"आज खरंच?" तो म्हणाला.

"कुठे जाते ही?"

"कुठेच नाही. फिरून इथेच येते."

ती खिडकीजवळ बसली. बस शाळेवरून, दवाखान्यावरून, लाकडाच्या वखारीवरून, वळणावळणानं गेली. लोक चढले, उतरले. कुणी शेजारी बसलं, कुणी उठून गेलं. फेरी संपवून बस पुन्हा बाकड्यापाशी आली तेव्हा ती उतरली. निर्णय वगैरे काही झाला नव्हता. बस फिरून तिथेच आली, आणि खोटं घेऊन त्या ड्रॉवरशी रोज बसता येणार नाही हे मात्र कुठेतरी वखारीच्या आसपास कळलं होतं. रुमाल आहे ना ते बघायला ड्रॉवर उघडणाऱ्या माणसाला आत रुमालाखेरीज आणखी काही लपवून चालत नाही.

ट्रेमध्ये ठिपका न लावलेल्या थोड्या गोगलगायी होत्या, सरांच्या भाषेत अफवा. तिनं त्यांच्यावर सगळं पुन्हा केलं. जाग्या गडद, झोपलेल्या फिकट. जे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं तेच.

मग ती सांगायला गेली. सरांनी पहिलं वाक्य ऐकलं आणि हात वर केला. "ॲसिटोनचं म्हणतेस? ते मॅडमचं खातं. त्यांना सांग." मॅडम दारातून बाहेर पडता पडता म्हणाल्या, "ठिपक्यांचं ना? ते सर बघतात. त्यांना म्हणावं, तुमचं तुम्ही बघा." तिनं आणखी एकेकदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा ती रस्त्याच्या मध्यावर येऊन पोचली.

शेवटी तोंडी परीक्षा. दोन्ही गाईड एकत्र बसायला हवेत असा नियम, म्हणून दगडी इमारतीच्या संग्रहालयात टेबल मांडलं. मागे कासवाचा सांगाडा, बाजूला बरण्या. मॅडम रस्ता ओलांडून आल्या, बहुधा पहिल्यांदाच. वासानं त्यांनी नाकाला रुमाल लावला. सर उभे राहिले.

"आपण भेटलोय का कुठे?" सरांनी विचारलं.

"नसू," मॅडम म्हणाल्या. "मी समोरच असते."

"कधीपासून?"

"इमारत झाली तेव्हापासून."

दोघं बसले. मॅडम म्हणाल्या, "हं, सांग. बाहेर दार बंद, आत धडपड. सुरुवात तिथूनच कर."

 पाहुणीनं पिशवीतून एक रिकामा शंख काढला, लाल ठिपक्याचा, आणि मॅडमसमोर ठेवला. मॅडमनी तो चष्मा वर करून पाहिला. "हे लाल काय?"

"नेलपॉलिश."

"शंखाला?"

"सरांचा नियम आहे. प्रत्येकीला."

मग तिनं तो शंख सरांसमोर नळीत टाकून काचेच्या दांडीनं चुरडला. "हे काय करतेस? शंखासकट?" सर दचकून म्हणाले.

"मॅडमचा नियम आहे."

आणि तिनं वरून ॲसिटोन ओतलं.

नळी लाल होताना दोघांनी पाहिली. कासवाचा सांगाडा धरून संग्रहालयात कुणीच हललं नाही.  पाहुणीनं बिनठिपक्याच्या गोगलगायींचे आकडे सांगितले, फिकट ते फिकट म्हणाली, आणि थांबली. आता यातला एक जण जरी नाही म्हणाला तरी संपलं होतं.

"तुम्ही त्यांना रंगवता?" मॅडमनी सरांना विचारलं.

"तुम्ही त्यांना कुटता?" सरांनी मॅडमना विचारलं.

"मग काय करायचं? एवढासा जीव, सोलत बसू?"

"आणि मी काय करू? सगळ्या सारख्याच दिसतात, हाक मारू?"

मॅडमनी ओठ आवळले. मग खांदे हलायला लागले. आधी त्या हसल्या की आधी सर, हे सांगणं अवघड आहे. मॅडम डोळे पुसत म्हणाल्या, "मी हे छापायला पाठवणार होते हो! 'निद्रावस्थेतील वाढीव श्वसन'!" सर म्हणाले, "मी माझ्या बायकोला सांगितलंसुद्धा. ती म्हणाली, झोपेत कुणाची एवढी धडपड चालते ते मला विचारा." पुन्हा हसणं. मग मॅडमनी विचारलं की ठिपक्याऐवजी शंखावर बारीक ओरखडा काढला तर? सर म्हणाले, चालेल, पण मग तुम्ही शंख सोलणार का? मॅडमनी कागद ओढला. सरांनी पेन दिलं. मामानं चहा आणून ठेवला.

पाहुणी उभीच होती. काही वेळानं तिनं खिशातून ड्रॉवरची चावी काढली आणि मॅडमच्या हाताशी ठेवली. मॅडमचं लक्ष कागदाकडे होतं. बोलता बोलता त्यांनी कप उचलला, एक घोट घेतला आणि तो चावीवर ठेवला.

"सर, माझं...?" ती म्हणाली.

"तुझं काय? झालं की. पास." सरांनी मॅडमकडे पाहिलं. "पास ना?"

"पास, पास. प्रामाणिक काम आहे," मॅडम मान वर न करता म्हणाल्या. "जाताना दार ओढून घे गं, वारा येतोय."

तिनं दार ओढून घेतलं. बाहेर मामा स्टुलावर बसला होता. "काय पाहुणीबाई, काय निकाल?"

"पास."

"मग तोंड का असं?"

"आत दोघं बोलतायत."

मामानं दार किंचित ढकलून डोकावून पाहिलं आणि हळूच लावलं. "खरंच की! आणि भांडत नाहीयेत." त्यानं तिच्याकडे कौतुकानं पाहिलं. "म्हणजे तुमच्यामुळे जमलं म्हणायचं. बसा की, चहा उरलाय. की लगेच निघणार?"

"निघते," ती म्हणाली.

मागच्या व्हरांड्यातल्या ट्रेमध्ये लाल ठिपक्याची एकच गोगलगाय उरली होती, कडेला चिकटलेली, तोंड बंद. पाहुणीनं ती जेवणाच्या डब्यात ठेवली आणि बाकड्यावर जाऊन बसली. बाटलीतलं थोडं पाणी बोटांनी तिच्यावर शिंपडलं. काचेच्या इमारतीतून मुली जेवून बाहेर पडत होत्या. एकीनं हात हलवला, हिनंही हलवला. मग त्या गेल्या.

बस आली. वेग कमी झाला, मग बस थांबलीच आणि दार उघडलं. एकदा चढलेल्या माणसाबद्दल चालकाच्या मनात आता आशा होती.

"कुणाची वाट बघताय का?"

तिनं डबा पुढे केला. चालकानं वाकून पाहिलं.

"मेलीय ती."

"नाही. झोपलीय."

"बरं," चालक म्हणाला. मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, चला की!" त्यानं दार मिटलं.

बस गेल्यावर पडदा ओला होऊन एका बाजूनं सुटला. बराच वेळ पुढे काही झालं नाही. मग आतून आधी पोट बाहेर आलं, किंवा पाय. आणि त्यानंतर शिंगं, एकेक करून, वाऱ्याचा अंदाज घेत. दुपारची वेळ होती, आणि दोघींनाही कुठे जायचं नव्हतं.